गाडीचे कान

नवी वस्तू घरात आली, की तिच्या मुख्य कामापेक्षा तिच्यातल्या एखाद्या बारीकशा करामतीचेच माणसाला अधिक कौतुक वाटते. माझ्या लहानपणी वडिलांनी रेडिओ आणला, तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी त्या रेडिओचा हिरवा डोळा दाखवीत. स्टेशन नेमके लागले की तो डोळा मिटत असे. गाणे मग केव्हातरी. पाहुणा बिचारा डोळा पाहून, चहा पिऊन, गाणे न ऐकताच घरी जाई. मला तेव्हा वडिलांचे हसू येत असे. दोन वर्षांपूर्वी मी नवी गाडी घेतली आणि वडिलांचे रक्त आपल्या अंगात पुरेपूर उतरले आहे, याबद्दल माझी खात्री पटली.

गाडी काही मोठी नव्हे. चारचौघे निवृत्तीच्या पैशांतून घेतात तसलीच. पण तिच्यात एक बटण होते. चालवणाऱ्याच्या दारावर, खिडक्यांच्या बटणांना लागूनच. ते दाबले की बारीक घुंऽऽ असा आवाज करीत बाहेरचे दोन्ही आरसे गाडीच्या अंगाशी मिटत. पुन्हा दाबले की उघडत. गोठ्यातल्या गाईने मानेवर हात फिरताच कान पाडावेत आणि कडब्याची चाहूल लागताच टवकारावेत, तसे अगदी! आमच्या घरात त्या आरशांना 'गाडीचे कान' हेच नाव पडले.

आमच्या आधीच्या छोट्या गाडीला डावा कान मुळी नव्हताच. उजवा होता, तो हाताने ढकलून मिटावा लागे. त्यामुळे या नव्या सुखाचे मला केवढे अप्रूप! पाहुणे आले की मी त्यांना दारातूनच माघारी वळवून गाडीकडे नेई. आत बसून किल्ली फिरवी आणि विचारी, "बघा हं! बघितलंत?" पाहुणे "वा!" म्हणत. "पुन्हा बघा." पाहुणे पुन्हा "वा!" म्हणत. शेवटी एकदा ही म्हणाली, "अहो, आधी त्यांना चपला तरी काढू द्या. आणि एवढं सगळ्यांना दाखवता, तर गाडी उभी करताना ते कान मिटत का नाही कधी?"

हा प्रश्न मी तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखा केला. खरी गोष्ट अशी, की माझ्या गाडीतले ते बटण किल्ली चालू असेपर्यंतच चालते. गाडी बंद करून, पिशव्या उचलून, दार लावून मी जिन्यापाशी पोचलो की मला आरशांची आठवण होई. मग पुन्हा कुठे परत जा, कुठे किल्ली फिरवा! काही गाड्यांचे कान दाराला कुलूप पडताच आपणहून मिटतात म्हणे. माझ्या गाडीने ते काम माझ्या स्मरणशक्तीवर सोपवले होते, आणि माझी स्मरणशक्ती ही पाहुण्यांसमोरच काय ती चालणारी.

आता आमची गल्ली कशी आहे, ते सांगायला हवे. पुण्याच्या पेठांतल्या गल्ल्या ज्यांनी आखल्या, त्यांच्यासमोर पायी चालणारा माणूस होता. फार तर एखादा टांगा. पुढे सायकली आल्या, त्या गल्लीने सामावून घेतल्या. मग स्कूटरी आल्या, त्यांनाही तिने "थोडं सरकून घ्या" म्हणत जागा दिली. पण आता घरटी एक गाडी झाली आहे, आणि वाडे पाडून झालेल्या इमारतींच्या तळाशी जेवढ्या गाड्या मावतात त्याहून अधिक बाहेर उभ्या राहतात. माझीही बाहेरच राहते. भिंतीच्या कडेने पूर्वी उघडे गटार होते. ते आता फरश्या घालून बंद केले आहे. त्या फरशीवर चाक घालायला मी भितो. म्हणून गाडी आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ सुटतो. पुढे एके दिवशी मी तो टेप लावून मोजला. २७ इंच भरला. पण मोजण्याची वेळ का आली, ते आता सांगतो.

पावसाळा संपता संपता एका सकाळी मी गाडीपाशी गेलो, तो डावा कान मिटलेला आणि उजवा उघडा! भिंतीकडचा मिटलेला, रस्त्याकडचा जसाच्या तसा. एखादा खोडकर मुलगा एकच डोळा मिचकावतो ना, तशी गाडी माझ्याकडे पाहत होती. आत बसून बटण दाबले, तेव्हा डाव्या आरशातून 'टक्' असा हाड मोडल्यासारखा आवाज आला. माझ्या काळजात चर्र झाले. पुन्हा बटण दाबले तेव्हा दोन्ही आरसे गुमान उघडले. म्हटले, झाले असेल काही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी डावा कान मिटलेला आणि रोज ते 'टक्'. आठवडाभरात माझी पक्की खात्री झाली, की हे कोणीतरी आकसाने करते आहे. निवृत्त माणसाला संशय घ्यायला वेळ भरपूर असतो. पहिला संशय कोपऱ्यावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांवर. दुसरा पेपरवाल्यावर, कारण मागच्या महिन्यात मी त्याच्या बिलातल्या दोन सुट्या कापल्या होत्या. तिसरा, नाव कशाला सांगू, पण आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांवर. त्यांच्या गाडीचे आरसे हाताने मिटावे लागतात, आणि माझे प्रात्यक्षिक पाहून 'वा' न म्हणणारे तेवढेच एक होते.

"अहो, कुणाला धडकत असेल तो आरसा," ही म्हणाली.

"उभ्या गाडीचा आरसा कुणाला धडकतो? धडकणाराच त्याला धडकतो," मी म्हणालो. हे वाक्य मला त्या वेळी फार बिनतोड वाटले होते.

अखेर मी पुणेकराला साजेल असाच उपाय योजला. पाटी लिहिली. एका जाड कागदावर ठळक अक्षरांत, 'कृपया आरशास हात लावु नये. यंत्र बिघडते.' डाव्या खिडकीच्या काचेवर ती आतून चिकटवायची, तर ऊन लागून शाई उडेल म्हणून बाहेरून चिकटवली, आणि समाधानाने झोपलो.

सकाळी पाहतो तो डावा कान मिटलेलाच. पण पाटीवर काहीतरी लाल दिसत होते. जवळ गेलो. 'लावु' या शब्दातल्या ऱ्हस्व उकाराभोवती लाल शाईने वर्तुळ काढले होते, वर दीर्घ ऊकार देऊन शब्द दुरुस्त केला होता, आणि खाली त्याच शाईत, किंचित थरथरत्या पण सरळ रेषेत चाललेल्या अक्षरांत लिहिले होते, 'आरसा मिटून ठेवल्यास हात लावण्याचे कारण उरणार नाही.'

ते अक्षर पाहिले आणि मी बासष्ट वर्षांचा माणूस एका क्षणात आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो. हे अक्षर मी कसे विसरेन? माझ्या निबंधांच्या वह्या वर्षभर याच अक्षराने लाल झाल्या होत्या. आमच्या मराठीच्या सरांचे अक्षर! सर समोरच्या वाड्यात राहतात. गल्लीतला तो एकच वाडा अजून उभा आहे. वय शहाऐंशीच्या घरात. गेली काही वर्षे मी त्यांना दसऱ्याला सोने द्यायला जातो तेवढाच. एरवी गाडीत बसून समोरून जाताना हात करतो. सर अलीकडे हाताला हात करीत नसत. म्हातारपणी माणूस तुटक होतो, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

पाटी काढून खिशात घातली आणि तसाच त्यांच्याकडे गेलो. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी ओळखले.

"ये. शुद्धलेखन अजून कच्चंच आहे तुझं," ते म्हणाले.

"सर, आरसा तुम्ही मिटत होतात?"

"मग कोण मिटणार? पहाटे साडेपाचला त्या भिंतीच्या कडेनं दुसरं कोण जातं?"

मग हळूहळू सगळे कळले. सरांना काचबिंदू आहे. हा मोठा लबाड आजार. मोतीबिंदूत सगळेच धूसर होते, म्हणून माणूस लवकर सावध होतो. काचबिंदू कडांपासून नजर खात येतो, आणि समोरचे पुष्कळ दिवस शाबूत ठेवतो. त्यामुळे आपले काही हरवते आहे, याची गंधवार्ताही बऱ्याच जणांना लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही; औषधाने किंवा शस्त्रक्रियेने उरलेली तेवढी राखायची. सरांना समोर धरलेले पुस्तक वाचता येत होते, पाटीवरचा ऱ्हस्व उकार तर दिसतच होता; पण डावीउजवीकडचे जग जवळजवळ संपले होते. मी गाडीतून करीत असलेला हात त्यांना कधी दिसलाच नव्हता.

"पूर्वी रस्त्याच्या मधून जायचो," सर म्हणाले. "पण पहाटे दुधाच्या, पेपरच्या गाड्या भरधाव येतात. त्या कानाशी येईपर्यंत मला कळत नाहीत. म्हणून भिंत धरली. भिंत दिसावी लागत नाही, हाताला लागते. मारुतीपर्यंत भिंतच भिंत आहे. मधे फक्त तुझी गाडी."

आणि त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. उजव्या कोपराच्या वर एक काळानिळा डाग होता. जुना होऊन पिवळा पडत चाललेला. पहिल्या दिवशी आरसा तिथे बसला होता. डाव्या हाताने भिंत चाचपीत, उजव्या हातात काठी घेऊन चाललेल्या माणसाच्या नेमका कोपराशी येईल, इतक्या उंचीवर तो असतो. तोल गेला असता तर पुढचे मला बोलायचे नाही. त्या वयाची हाडे पडली की पुन्हा उठत नाहीत, हे प्रत्येक घराला ठाऊक असते.

"सर, मला सांगितलं का नाहीत?"

सर थोडेसे हसले. "वर्गात एखाद्या मुलाचा पाय बाकाबाहेर आलेला असला, तर आपण तो हळूच आत सारतो आणि पुढे जातो. लगेच त्याच्या बापाला चिठ्ठी लिहीत नाही. तू मात्र चिठ्ठी लिहिलीस." मग थोडे थांबून म्हणाले, "बरं, यंत्र बिघडतं म्हणजे नक्की काय बिघडतं रे?"

मला उत्तर देता आले नाही. आठवीतही येत नसे.

पण सरांचा प्रश्न अनुत्तरित ठेवून घरी बसणे शक्य नव्हते. गाडी घेऊन ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने 'टक्' ऐकले आणि हसला. म्हणाला, "काका, काही मोडलेलं नाही." मग त्याने एका जुन्या आरशाचा खोलून ठेवलेला सांगाडाच दाखवला. आरशाच्या बुडाशी एक चिमुकली मोटर असते. ती फार वेगाने फिरते, म्हणून मध्ये दातेरी चाकांची साखळी घालून तिचा वेग उतरवतात आणि जोर वाढवतात. त्या चाकांच्या आणि आरशाच्या खुंटाच्या मध्ये एक स्प्रिंगने दाबलेली खाचेची जोडणी असते. आरशाला बाहेरून धक्का लागला की ती जोडणी खाचेतून निसटते आणि आरसा मुकाट्याने वळतो. मोटरला इजा होत नाही. पुढच्या वेळी बटण दाबले की मोटर फिरून खाच पुन्हा खाचेत बसते. बसताना आवाज होतो, तोच माझा 'टक्'. म्हणजे ज्याला मी हाड मोडणे समजत होतो, ते हाड जागेवर बसणे होते.

"रोज हातानं मिटू नये, बटण आहे तर बटणच वापरावं," तो म्हणाला. "पण धक्का लागल्यावर वळायचं हे त्याचं कामच आहे. आरसा ताठ राहिला असता, तर एक तो तरी तुटला असता, नाहीतर माणूस तरी."

हे मला नवे होते. आरसा मिटतो तो गाडीच्या सोयीसाठी, असेच मी धरून चाललो होतो. त्याची मान मुळात लवचिक ठेवली आहे ती समोरच्याच्या हाडांचाही विचार करून!

त्या रात्री मी या आरशांविषयी मिळेल ते वाचीत बसलो. मोटारी आल्या तेव्हा त्यांना मागे पाहणारे डोळे नव्हतेच. १९०९ साली डोरोथी लेव्हिट नावाच्या इंग्रज बाईंनी बायकांसाठी मोटार चालवण्याचे एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सल्ला दिला आहे, की हाताशी एक छोटा आरसा ठेवावा आणि मधूनमधून तो उंच धरून मागची रहदारी पाहावी. मुखडा पाहण्याच्या आरशाला मिळालेली ही बढती! पुढे ३० मे १९११ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. त्या काळी शर्यतीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. मागून कोण येते आहे ते सांगणे, हे त्याच्या कामांपैकी एक. रे हॅरून याची गाडी एकट्यापुरतीच होती. मागचे दिसणार कसे, म्हणून इतर चालकांनी हरकत घेतली, तेव्हा त्याने समोर एक आरसा बसवला. शर्यत त्यानेच जिंकली. नंतर मात्र त्याने कबूल केले, की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसलेच नाही!

आरसे मोटरीने मिटण्याची युक्ती जपानची. जपानात मोटारींचे आरसे दारावर न लावता पार पुढे, चाकावरच्या पत्र्यावर लावावे लागत. दारावरचे आरसे चालतील, असा नियम तिथे १९८३ साली झाला, आणि १९८४ साली निस्सानने आपल्या लॉरेल गाडीला बटणाने मिटणारे आरसे दिले. चिंचोळ्या गल्ल्यांचा आणि इंच इंच मोजून गाडी ठेवणाऱ्यांचा तो देश. आरसे दाराशी आले की अंग रुंद होते, हे त्यांना लगेच जाणवले असणार. आपल्याला ते जाणवत नाही, याचे एक कारण मला माहितीपुस्तिकेत सापडले. तिच्यात गाडीची रुंदी दिलेली असते, ती बहुधा आरसे वगळून! कान धरायचे नाहीत, अंग तेवढे मोजायचे.

म्हणून सकाळी मी टेप घेऊन गल्लीत उतरलो. भिंत ते गाडी २७ इंच. त्यात आरसा उघडा असला की ७ इंच त्याचे. उरले २०. वीस इंचांत काठीसह एक म्हातारा माणूस. मिटला की आरसा जेमतेम दोन इंच पुढे राहतो. म्हणजे माझ्या एका बोटाच्या आळसाची किंमत पाच इंच होती, आणि ती मी नव्हे, सर देत होते. टेप गुंडाळताना मला माझे ते बिनतोड वाक्य आठवले, 'धडकणाराच त्याला धडकतो.' आठवून बरे वाटले नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जाईना. हा आरसा कशासाठी असतो? चालवणाऱ्याला बाजूचे दिसावे म्हणून. आणि तो लागला कोणाला? तर ज्याला बाजूचे दिसत नाही त्याला. माझ्या गाडीला बाजूचे पाहणारे दोन डोळे होते. ती उभी असताना मात्र ते डोळे कोणासाठीच पाहत नव्हते, नुसतेच वाट अडवून बसले होते.

तेव्हापासून मी नियम केला. किल्ली बंद करण्याआधी कान मिटायचे. विसरू नये म्हणून पहिले काही दिवस ही शेजारी बसून नुसती "कान!" म्हणत असे. गाडीही जरा पलीकडे घेऊन उभी करू लागलो. गंमत म्हणजे आमच्या इमारतीतल्या त्या 'वा' न म्हणणाऱ्या गृहस्थांकडे मी नीट पाहिले, तर ते रोज रात्री गाडीला वळसा घालून दोन्ही आरसे स्वतःच्या हाताने मिटून मगच वर जात. कित्येक वर्षे जात असतील. त्यांना बटण नव्हते, लक्ष होते.

पण नियमाला दुसरी बाजूही असते, ती मला आठवडाभरातच कळली. एके सकाळी कान मिटलेलेच ठेवून मी थेट अलका चौकापर्यंत गेलो. काहीतरी चुकते आहे एवढे जाणवत होते, काय ते उमगत नव्हते. सिग्नलला एका मोटरसायकलवरच्या मुलाने काचेवर टकटक केले आणि ओरडला, "काका, आरसे!" त्याच्या स्वरात एरवीची पुणेरी कणव नव्हती, खरी काळजी होती. कान पाडून धावणारी गाडी म्हणजे मागच्याचे काही ऐकायचेच नाही, असे ठरवून निघालेला माणूस. असे पुष्कळ जण आपल्या रस्त्यांवर दिसतात. आरसा कुठे घासू नये म्हणून ते तो मिटूनच गाडी हाकतात. आरसा वाचतो, मागून येणारा वाचेलच असे नाही. चालताना उघडायचे ते मागून येणाऱ्यांसाठी, थांबल्यावर मिटायचे ते जवळून जाणाऱ्यांसाठी. बटण एकच, पण ते दोन्ही वेळा दुसऱ्याचा विचार करून दाबायचे असते. पाहुण्यांसाठी नव्हे.

महिन्याभराने सरांकडे गेलो. बरोबर ती पाटी नेली होती. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर सांगितले. मोटर, दातेरी चाके, स्प्रिंग, खाच, सगळे. सरांनी परीक्षेच्या तोंडी उत्तरासारखे ते शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे यंत्र बिघडत नव्हतं," ते म्हणाले.

"नाही सर."

"मग पाटीत दोन चुका होत्या. एक शुद्धलेखनाची आणि एक वस्तुस्थितीची."

मी गप्प राहिलो. जायला उठलो, तेव्हा दाराशी थांबून विचारले, "सर, आता पहाटे काही अडचण नाही ना?"

"तुझी गाडी केव्हा मागे पडते ते कळत नाही हल्ली," सर म्हणाले. मग नजर अगदी समोर, माझ्या चेहऱ्यावर धरून पुढे म्हणाले, "दहापैकी सात. तीन कापले आहेत. 'लावू' मधला ऊ दीर्घ."